कूलर 'थोडासा' करंट मारतो?

महोदय,

मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा ४५ अंशांकडे सरकला, की घरोघरी लोखंडी कूलर रात्रंदिवस चालतात. पाणी, पत्रा आणि वीज, तिन्ही एकाच ठिकाणी! गेल्या आठवड्यात आमच्या कूलरला हात लागताच आईच्या बोटांना झिणझिण्या आल्या. 'चप्पल घालून हात लावायचा' हा उपाय तर गल्लीत सगळ्यांनाच पाठ. वायरमनने पाहिले, तर प्लगची अर्थिंगची (पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी) जाड पिनच कुणीतरी मोडलेली. जुन्या बोर्डात बसत नव्हती म्हणून. (कुणीतरी म्हणजे मीच.)

एमसीबी (बोर्डातला आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसवला की झाले, असे मीही समजत होतो. तो जादा भार आणि शॉर्टसर्किट झाल्यास पडतो. माणसाला शॉक बसला तर पडेलच असे नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (एवढासा करंट गळला तरी लगेच वीज तोडणारा स्विच) लागतो आणि त्याचे 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहावे लागते. शिवाय उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते. त्यात पाणी ओतायचे कुणाच्या लक्षात असते?

गरम होणारा प्लग, काळवंडलेले सॉकेट, फ्यूजमध्ये गुंडाळलेली जाड तार हेही घरोघरी दिसते. कूलरमध्ये पाणी भरताना नुसते बटण बंद करू नये, प्लगच काढावा. वीज कंपनीने मार्चच्या बिलामागे एवढे जरी छापले तरी बरे होईल.

– एक वाचक, भुसावळ