काळी स्क्रीन आणि दोन रविवार

संपादक साहेब, नमस्कार,

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला तसं जो तो म्हणतोय जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, मी जरा जास्तच शहाणपणा केला आणि फ्रीबीएसडी १४.३ (लिनक्ससारखीच मोफत, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. रिस्टार्ट केलं तर नुसती काळी स्क्रीन आणि लॉगिन, डेस्कटॉपचा पत्ता नाही! उबुंटू या लिनक्सची सॉफ्टवेअर टाकायची एपीटी कमांड इथे चालत नाही, इथे त्यासाठी पीकेजी, आणि ती पहिल्यांदा आधी स्वतःलाच इन्स्टॉल करू का विचारते. मग स्क्रीनवर खिडक्या दाखवणारं एक्सऑर्ग, एक्सएफसीई हा डेस्कटॉप, ग्राफिक्स ड्रायव्हर वेगळा, वर ग्राफिक्स वापरायची परवानगी मिळावी म्हणून आपला युजर व्हिडिओ ग्रुपमध्ये टाकायचा, एवढं कळायला माझे दोन रविवार गेले (बायकोचा टोमणा वेगळाच). फ्रीबीएसडीवाल्यांचं हँडबुक एक नंबर आहे पण मराठीत असं काहीतरी तुमच्या पुरवणीत छापा ना.

एक वाचक, सातारा