शेक, सुई आणि गोळी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा बाबांनी फोनवर प्रश्न विचारला आणि मी "डॉक्टर सांगतात तसं करा" म्हणून मोकळी झाले. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. नंतर चार रात्री वाचलं, ओळखीच्या एका डॉक्टरबाईंना गाठून डोकं खाल्लं, आणि आता लिहायला बसले आहे. फोनवर बाबा मध्येच बोलतात आणि आई "हो हो, कळलं" म्हणून पुढच्या विषयाला जाते. कागद दोनदा वाचता येतो.

बाबांचा प्रश्न असा होता: आईच्या स्तनाच्या कर्करोगाची केमो संपल्यावर रेडिएशनआधी महिनाभर थांबवलं, अंग सावरू दे म्हणाले. मग दर तीन आठवड्यांची ती ट्रॅस्टुझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाची सुई रेडिएशनच्या दिवसांतच कशी चालते?

आधी आईच्या शब्दाबद्दल. आई रेडिएशनला 'शेक' म्हणते, आणि घोटाळा तिथूनच सुरू झालाय असं मला वाटतं. शेक म्हटलं की उष्णता आली, आणि औषधंही 'गरम' पडतात, म्हणून दोन गरम गोष्टी एका वेळी नकोत, असा बाबांचा हिशेब. पण आई, टेबलावर पडल्यावर तुला ऊब लागते का? काहीच लागत नाही, तूच म्हणालीस. किरण पेशी भाजत नाहीत. पेशीत मुख्यतः पाणी असतं. किरण त्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून फार उतावळे कण तयार होतात, आणि ते जवळच्या डीएनएवर तुटून पडतात. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की पेशीला ते सांधणं अवघड जातं. निरोगी पेशी काही तासांत बरीचशी डागडुजी करते, कर्करोगाची पेशी या कामात सहसा कच्ची असते. म्हणून एकदम सगळं न देता रोज थोडं थोडं देतात. तुझे 15 दिवस, एकूण 40 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं माप). पूर्वी हेच 25 दिवसांत 50 ग्रे देत. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत तीन आठवड्यांचा डोस तितकाच गुणकारी ठरला, म्हणून तुझे दोन आठवडे वाचले.

आता औषध. किरणांच्या जोडीला काहीही द्यायचं तर बघायचं एवढंच, की ते कोणाची डागडुजी अडवतं? केमो दुजाभाव करत नाही. ती गाठीच्या पेशींना अडवते तशी त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या पेशींनाही अडवते. तुझं केमोचं औषध, पॅक्लिटॅक्सेल, किरणांबरोबर दिलं तर फुप्फुसाला सूज येण्याची भीती असते, म्हणून तो महिना. काही औषधं तर शेवटचा शेक होऊन कित्येक आठवडे लोटल्यावर दिली तरी किरण लागलेल्या तेवढ्याच चौकोनात त्वचा पुन्हा लाल होते, जणू तिला जुनं आठवतं.

बाबा, तुम्हाला आकडे आवडतात, म्हणून एक प्रयोग सांगते. ब्रिटनमध्ये सेक्रॅब नावाच्या चाचणीत 2,297 बायकांना दोन गटांत वाटलं. एका गटाला केमोच्या मधल्या दिवसांतच किरण दिले, दुसऱ्याला केमो पूर्ण संपल्यावर. दहा वर्षांनी त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण पहिल्या गटात 4.6 टक्के होतं, दुसऱ्यात 7.1. म्हणजे एकत्र दिल्याचा फायदा झाला. पण त्वचेला मध्यम ते तीव्र त्रास पहिल्या गटात 24 टक्के बायकांना झाला, दुसऱ्यात 15 टक्के. त्यातली केमोची औषधं आईच्या औषधांहून वेगळी होती, तेव्हा हे आकडे आपल्याला चिकटवू नका. एकत्र देण्यात लाभ असतो आणि त्याची किंमत कातडीने मोजावी लागते, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

सुईची गोष्ट निराळी. आईच्या गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचे ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणारी प्रथिनं, फार जास्त होते. त्यांच्यामार्फत पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा निरोप जातो, आणि किरणांनी झालेली मोडतोड सांधायलाही तोच निरोप मदत करतो. सुई नेमकी त्या ग्राहकाला जाऊन धरते. त्वचेच्या पेशींवर ते इतके नसतात, म्हणून तिथे सुईचा भार फारसा पडत नाही. वर्षभर चालणारी ती सुई तीन आठवडे थांबवायची काही गरज नाही, आणि सहसा थांबवतही नाहीत. काळजी असते ती हृदयाची, कारण हे औषध हृदयाचं पंपिंग थोडं कमी करू शकतं आणि आईची गाठ डाव्या बाजूची. म्हणून दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. म्हणूनच तो श्वास रोखायचा खेळ. मोठा श्वास घेतला की छाती फुगते, हृदय किरणांच्या वाटेतून मागे आणि खाली सरकतं. आई, मी आले होते त्या दिवशी बाहेरच्या पडद्यावर तुझ्या श्वासाची रेघ बघितली. वर चढली आणि तिथेच सरळ राहिली, जरासुद्धा थरथरली नाही. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, तरुण मुलींनाही इतकं जमत नाही. तू मनात काय मोजत होतीस ते विचारायचं राहून गेलं.

आता मला ज्यासाठी खरं लिहायचं होतं ते. आईने मला सांगितलं, तेव्हा तिच्यावर रागावू नका. बाबा, तुम्ही लेट्रोझोलची, म्हणजे हार्मोनवरच्या उपचाराची, गोळी आठ दिवस बंद ठेवली आहे. डब्यातली त्या दिवसांची खणं भरलेलीच आहेत म्हणाली. रागावले नाही मी. एक डॉक्टर म्हणाले आजच सुरू करा, दुसरे म्हणाले किरण संपू देत, आणि दोघांनी दोन-दोन मिनिटांत तुम्हाला वाटेला लावलं. कॉरिडॉरमध्ये हातात फाइल घेऊन उभ्या माणसाने काय समजायचं? मला राग आहे तो त्या दोन-दोन मिनिटांचा.

दोघंही चूक नव्हते. जुनी शंका टॅमॉक्सिफेन या आधीच्या हार्मोनच्या गोळीवरून आली. ते औषध पेशींना एका जागी थबकवतं आणि थबकलेल्या पेशीवर किरणांचा वार बोथट होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. शिवाय फुप्फुस राठ होण्याची भीती. तेव्हापासून 'हार्मोनची गोळी नंतर' ही सवय काही डॉक्टरांना लागली. बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आधी-नंतरने रोग परतण्यात फरक आढळला नाही. लेट्रोझोलवर तर फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये 150 बायकांची चाचणी झाली, 2010 साली छापून आली. अर्ध्यांना गोळी किरणांबरोबर, अर्ध्यांना तीन आठवड्यांनी. त्वचेचा त्रास दोन्हींकडे सारखाच. गोळी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त चालायची आहे, आठ दिवस बुडाल्याने आभाळ कोसळत नाही. पण आता सुरू करायची की शेक संपल्यावर, ते त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला फोन करून ठरवावं. तुम्ही ठरवू नका. मी ठरवत नाही, तसं.

आणि ती बाटली. गोळी बंद केली त्याच दिवसापासून तुम्ही आईला अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या कॅप्सुली देताय, "किरणांपासून संरक्षण" म्हणून. बाबा, वर लिहिलेलं परत वाचा. ते उतावळे कण हेच तर किरणांचं हत्यार. मोठ्या डोसमधली अँटिऑक्सिडंट तेच कण टिपतात. संरक्षण झालं तर आईच्या त्वचेचं होईल तसं उरलेल्या एखाद्या पेशीचंही होऊ शकतं. सगळी दुनिया अशी औषधं शोधतेय जी त्या पेशीला डागडुजी करू देणार नाहीत, आणि आपण घरात तिला ढाल पुरवतोय. विचारल्याशिवाय बंद करायची नव्हती ती गोळी बंद आणि बंद ठेवायची बाटली चालू, असं झालंय. हसू नका. मलाही लिहिताना हसू आलं, मग आलं नाही.

बाटली फेकू नका, सोमवारी सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. तोंडी सांगायला तुम्ही विसराल, बाटली विसरणार नाही. आईच्या काखेजवळची त्वचा सोलवटल्यासारखी दिसते म्हणालात, तीही दाखवा, दुखत नसली तरी. इकोची तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर मी पेन्सिलीने लिहिली आहे.

शुक्रवारी रात्री पोचते. गोळ्यांचा डबा आपण दोघं मिळून पुन्हा लावू.

तुमची,
धाकटी