मते सावकाश, जागा धावत : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोचून तीन आठवडे होऊन गेले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. २०२४ च्या लोकसभा निकालासंबंधी तू लिहिलेले एक वाक्य मला पटले नाही, आणि ते का पटले नाही हे सांगायचे तर वडिलांची जुनी वही माळ्यावरून खाली काढणे भाग होते. तू लिहितोस, की आपला मतदार एका रात्रीत कूस बदलतो. जागांचा तक्ता पाहिला तर तसे वाटते खरे; परंतु मतांची टक्केवारी पाहू लागलो, की हाच मतदार फार सावकाश हलतो असे दिसते आणि जागा मात्र त्याच्या पुढे धावत सुटतात.

वही तुला आठवत असेल. लाल कापडी बांधणीची खतावणी, जिच्या रकान्यांत वडिलांनी गिऱ्हाइकांच्या उधारीऐवजी पक्ष बसवले होते. पहिले पान देशाचे, पुढे प्रत्येक राज्याला एक पान, आणि दर निवडणुकीला एक ओळ. ओळींनी त्यांना कधी छळले नाही. छळले ते रकान्यांनी. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा त्यांनी त्या रकान्याच्या मधोमध पेन्सिलीची रेघ मारली, आणि १९७८ मध्ये ती पुन्हा फुटली तेव्हा बाजूला कागदाची पट्टी चिकटवली. जनसंघाचा रकाना १९७७ मध्ये रिकामा आहे, कारण तो पक्ष जनता पक्षात विलीन झाला होता, आणि १९८० नंतर तेथून एक बाण निघून भारतीय जनता पक्षाकडे जातो. गंमत अशी, की १९७७ ची निवडणूक जनता पक्षाने भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढवली, म्हणून निवडणूक आयोगाच्या अहवालात त्या २९५ जागा लोकदलाच्याच नावावर आहेत. पक्षाचा पाठिंबा वाढला की घटला हे विचारण्याआधी पक्ष तोच आहे का, हे विचारावे लागते. आमची आजी तर पक्ष जाणतच नव्हती, ती चिन्ह जाणत होती. काँग्रेसची बैलजोडी जाऊन गायवासरू आले ते तिने चालवून घेतले, १९८० मध्ये हात आला तेव्हा मात्र मतदान करून घरी आल्यावर तिने विचारले, "गोठा कुणी रिकामा केला?"

आता देशाचे पान. १९५२ मध्ये काँग्रेसला ४५ टक्के मते मिळाली आणि ४८९ पैकी ३६४ जागा. म्हणजे पंडित नेहरूंच्या भर लोकप्रियतेच्या काळातही निम्म्याहून अधिक मतदारांनी मत दुसऱ्या कोणाला तरी दिलेले होते. फक्त ते एकाला दिलेले नव्हते. समाजवाद्यांना दहा टक्क्यांहून अधिक मते मिळूनही त्यांच्या पदरात १२ जागा पडल्या. १९६७ मध्ये काँग्रेसची मते ४०.८ टक्क्यांवर आली आणि जागा २८३ वर. मुंबईत काँग्रेसचे मातब्बर नेते स. का. पाटील समाजवादी जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून पडले ते याच निवडणुकीत. १९८९ मध्ये मते ३९.५ टक्के, म्हणजे १९६७ पेक्षा जेमतेम सव्वा टक्का कमी. जागा मात्र १९७. या दोन ओळी शेजारी ठेवल्या तर मतदार फारसा हललेला दिसत नाही, विरोधक मात्र एकत्र आले होते. जनता दल आणि भाजप यांनी अनेक ठिकाणी एकमेकांसाठी जागा सोडल्या, आणि त्याचा मोठा लाभ भाजपला झाला. १९८४ मध्ये ७.७ टक्के मतांवर त्या पक्षाला दोनच जागा मिळाल्या होत्या, तर १९८९ मध्ये ११.४ टक्के मतांवर ८५. चार टक्क्यांहून कमी वाढीने दोनाचे पंच्याऐंशी होतात, याला कूस बदलणे म्हणायचे का?

१९८४ च्या त्याच ओळीत तेलुगू देसमचा आकडा बघ. देशभरची ४.३ टक्के मते आणि जागा ३०. त्यांची सगळी मते एका आंध्र प्रदेशात साठलेली होती, भाजपची देशभर पातळ पसरलेली होती. तेल कढईत ओतले तर भजी तळून निघतात. तेवढेच तेल अंगणात सांडले तर नुसता डाग पडतो.

एक जोडी मात्र मी तुझ्यासाठी मुद्दाम लाल शाईने अधोरेखित केली आहे. १९९९ मध्ये काँग्रेसची मते २८.३ टक्के आणि जागा ११४, जो तोवरचा नीचांक होता. २००९ मध्ये मते २८.५५ टक्के आणि जागा २०६. पाव टक्क्याच्या फरकावर ब्याण्णव जागा! १९९९ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेस आणि नव्यानेच निघालेली राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढत होत्या. २००९ मध्ये त्या एकत्र होत्या आणि फूट पलीकडे पडली होती. तू तेव्हा दादरला राहत होतास, तुला सांगायला नको. शिवसेनेतून फुटून निघालेल्या मनसेच्या उमेदवारांनी मुंबईच्या सहाही मतदारसंघांत लाखाहून अधिक मते घेतली आणि सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेल्या. आंध्रात अभिनेते चिरंजीवी यांच्या प्रजाराज्यम पक्षानेही तेच काम केले. आपल्याकडची १९९६ आणि १९९८ ही जोडीही अशीच आहे. १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युतीला ४८ पैकी ३३ जागा मिळाल्या, १९९८ मध्ये १०, आणि या दोन वर्षांत युतीच्या मतांचा वाटा घटला नव्हता, उलट थोडा वाढला होता. फरक एवढाच, की समोर काँग्रेसने रिपब्लिकन गटांशी समझोता केला. काँग्रेसचे ३३ आणि रिपब्लिकनांचे चार खासदार निवडून आले, तेही चौघे खुल्या मतदारसंघांतून.

म्हणून मार्च १९७७ ची ती रात्रही मला आता वेगळी दिसते. सलूनच्या फळीवर आपण दोघे रेडिओला कान लावून बसलो होतो, रायबरेलीत इंदिराबाई राजनारायण यांच्याकडून पडल्याचे कळले आणि चावडीपुढे कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. देशाने त्यांना झिडकारले असे आपण धरून चाललो. पुढच्या आठवड्यात वडिलांनी कंदिलाजवळ बसून राज्यांची पाने भरली. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य; आणि आंध्रात ४२ पैकी ४१, कर्नाटकात २८ पैकी २६. महाराष्ट्र मध्येच, ४८ पैकी २०. पेन्सिल कानावर ठेवून ते एवढेच म्हणाले, "देश एक नाही पडला, दोन पडले." त्या पराभवातही काँग्रेसला ३४.५ टक्के मते होती, आणि तीनच वर्षांत ती ३५३ जागा घेऊन परत आली.

मग मतदार कधीच बदलत नाही का? बदलतो, पण तो बदल देशाच्या पानावर नव्हे, उत्तर प्रदेशाच्या पानावर काँग्रेसचा रकाना वरून खाली वाचला म्हणजे दिसतो. १९८४ मध्ये निम्म्याहून अधिक मते आणि ८५ पैकी ८३ जागा. १९८९ मध्ये १५ जागा. १९९८ मध्ये सहा टक्के मते आणि जागा एकही नाही. १९७७ चे शून्य तीन वर्षांत भरून निघाले, १९९८ चे आजवर पुरते भरलेले नाही. २०२४ मध्येही तेथे सहाच जागा आहेत. या दोन शून्यांत मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. पहिल्या वेळी माणसे रागावली होती आणि राग ओसरल्यावर परतली. दुसऱ्या वेळी मंडल (मागासवर्गीयांचे आरक्षण) आणि मंदिर (अयोध्या) या दोन वादांतून इतर मागासवर्गीय समाजवादी पक्षाकडे, दलित बहुजन समाज पक्षाकडे आणि उच्चवर्णीय भाजपकडे गेले, म्हणजे मतदार रुसला नव्हता, त्याने बिऱ्हाड हलवले होते. बिऱ्हाड हलवायला एक पिढी लागते, आणि ते हलले हे कळायला आणखी एक निवडणूक.

आता तुझे २०२४. भाजपची मते ३७.४ वरून ३६.६ टक्क्यांवर आली, शंभरांत एक माणूसही पुरता हलला नाही, आणि जागा ३०३ वरून २४० झाल्या. उत्तर प्रदेशात ६२ च्या ३३ उरल्या. ओडिशात मात्र २१ पैकी २० जागा आल्या, आणि तामिळनाडूत ११ टक्के मते पडूनही एकही जागा पदरात पडली नाही. आपल्या राज्यात भाजप २३ वरून ९ वर उतरला, आणि मतांचा वाटा घटला तो दोन टक्क्यांहून कमी. येथे मात्र मला माझ्याच बाजूला टोकले पाहिजे. या वेळी तो पक्ष तीन जागा अधिक लढला होता, त्यामुळे जेथे लढला तेथली घसरण या आकड्यात दिसते त्याहून मोठी आहे. टक्केवारीही फसवते, फक्त जागांपेक्षा कमी.

२०२४ ची ओळ मी परवाच भरली. शिवसेनेच्या रकान्यात ९ आणि ७ असे दोन आकडे लिहावे लागले, राष्ट्रवादीच्या ८ आणि १, आणि दोन्हीकडे मधोमध पेन्सिलीची रेघ. बाजूच्या पट्टीसाठी जागा उरलेली नाही. वहीला वाळवी लागल्याने १९६२ च्या ओळीतले आपल्या राज्याचे आकडे गेले आहेत. तुझ्याकडे काकांची कात्रणे अजून असतील, तर तेवढे उतरवून पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सोबती