गाण्यापलीकडचा प्राणीही दाखवा

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला प्राण्यांवरच्या गाण्यांचा लेख वाचला. 'चार दिवसांची करमणूक' म्हणून लेखकाने ही गाणी एका वाक्यात निकालात काढली, ते पटले नाही. गाणे गमतीचे असले, तरी ऐकणाऱ्याच्या मनात त्या प्राण्याची प्रतिमा तेच पक्की करते. पुढे बरे-वाईट काय व्हायचे ते त्या मुक्या जिवाचे होते.

अमेरिकेत १९५३ साली पॅटी पेज यांचे एक गाणे अफाट गाजले. दुकानाच्या काचेआड बसलेल्या कुत्र्याच्या पिल्लाची किंमत त्यात विचारली आहे. चाल गोड आहे, पण पिल्लू म्हणजे विकत घ्यायची वस्तू. पेज यांनी २००९ साली त्याच चालीवर नवे शब्द गायले. या वेळी कुत्रा होता निवाऱ्यातला, घराची वाट पाहणारा. छप्पन्न वर्षांनी आपलेच गाजलेले गाणे असे नव्याने गाणाऱ्या या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो.

त्याच १९५३ साली गेला पीवी या दहा वर्षांच्या मुलीने 'नाताळला मला पाणघोडा हवा' असे गाणे म्हटले. त्यावरून ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयासाठी वर्गणी जमली आणि खरोखरची पाणघोडी आली. माटिल्डा तिचे नाव. मुलांचा आनंद मी समजू शकतो, पण गाण्यातल्या हौसेपायी तिचा जन्म नदीऐवजी कुंपणात गेला, हेही मनातून जात नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट हंपबॅक देवमाशांची. बर्म्युडाजवळच्या समुद्रात अमेरिकी नौदल पाण्याखालचे आवाज टिपत असे. तिथले अभियंते फ्रँक वॉटलिंग्टन यांच्या फितींवर देवमाशांचे आवाज आले. देवमाशांचे अभ्यासक रॉजर आणि केटी पेन यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकले, तेव्हा त्यांना कळले की तेच चरण ठरावीक क्रमाने परत येतात. म्हणजे हे गाणेच! १९७० साली त्याची तबकडी निघाली. त्याच वर्षी ज्युडी कॉलिन्स यांनी देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या खलाशांचे जुने स्कॉटिश गाणे गायले, तेही याच आवाजांच्या साथीने. ते मी दिवा मालवून ऐकले. शिकाऱ्याचा निरोप, आणि त्याच्यामागे ज्याची शिकार व्हायची त्याचा लांबलचक, खोल हुंकार. अंगावर काटा आला.

१९७९ साली नॅशनल जिओग्राफिकने हे आवाज अंकासोबत एक कोटीहून अधिक घरांत पोहोचवले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. १९८६पासून तो अमलात आला. सगळे श्रेय तबकडीचे नव्हे. पण तेल आणि मांस यापलीकडे देवमासा ठाऊक नसलेल्यांना तो गातो हे कळले, आणि शिकारीविरुद्ध बोलणारे वाढले.

आता शार्कच्या पिल्लाचे आणि त्याच्या आई-आजीचे 'बेबी शार्क' हे गाणे घ्या. यूट्यूबवर एक हजार कोटी वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ. आमची नात ते हातवारे करून म्हणते. एकदा तिने विचारले, "खरी आजी शार्क पिल्लाला काय खाऊ देते?" मला सांगता येईना, म्हणून शोधले. शार्कचे पिल्लू जन्मताच एकटे पोहत निघून जाते. आई त्याला वाढवत नाही, मग आजी कुठली! आणि शार्क व त्यांच्या जवळच्या माशांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती आज नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, मुख्यतः बेसुमार मासेमारीमुळे. नात गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "पुन्हा सांगा."

म्हणून विनंती अशी, की प्राण्यावरचे एखादे गाणे गाजले आणि आपण त्यावर लिहिले, की खाली चौकटीत चार ओळी त्या प्राण्याबद्दलही छापाव्यात. तो कुठे राहतो, खरा आवाज कसा काढतो, आज किती उरला आहे. सुरुवात शार्कपासून केलीत तर आमच्या घरी ते कात्रण भिंतीवर लागेल.

आपला,
एक नियमित वाचक