खुर्चीत झोपलेल्या सायमनचं काय करू?

प्रिय सुहास,

तब्येत ठीक आहे, पाठ अधूनमधून बोलते, बाकी काही नाही. इतके दिवस उत्तर नाही म्हणून ज्या शिव्या साठल्या असतील त्या एकदम दे, पण नंतर. आज काम वेगळं आहे.

'सोमा' हा व्हिडिओ गेम खेळतोय, त्यातला सायमन म्हणजे मी. हो, तोच, ज्याच्यासाठी तू वर्षानुवर्षं मागे लागला होतास. सेफ मोडमध्ये. हसून घे. तो बनवणाऱ्या फ्रिक्शनलवाल्यांनी २०१७ मध्ये तो मोड आणला तो माझ्यासारख्यांसाठीच. राक्षस असतात, पण जीव घेत नाहीत. त्यांच्याच 'ॲम्नेशिया'त पाण्यातला तो न दिसणारा प्राणी आठवतो ना? नुसते शिंतोडे उडत जवळ यायचे आणि मी कीबोर्ड तुझ्याकडे ढकलायचो. म्हटलं, राक्षसांची धास्ती गेली की उरतं काय? समुद्राच्या तळाशी फिरायचं, दारं उघडायची, चार कोडी सोडवायची. कसलं काय!

समुद्रतळावरच्या थीटा केंद्रातला तो ब्रँडन वान. पाणबुडीसाठी सांकेतिक शब्द हवा, तो ठाऊक ब्रँडनला, आणि ब्रँडन मेलेला. शिल्लक फक्त त्याच्या मेंदूचा स्कॅन. म्हणून त्याला एका खोट्या जागी जागं करायचं आणि गप्पांत शब्द काढून घ्यायचा. जागा कुठली, समोर माणूस कोण, हे आपण निवडायचं. निवड फसली की त्याला संशय येतो, तो घाबरतो, आणि त्याला बंद करून पुन्हा पहिल्यापासून. त्याला आधीचं काही आठवत नाही, दरवेळी तितकाच नव्यानं घाबरतो. पहिल्यांदा मला कसंतरी झालं. मग मी चक्क वैतागायला लागलो, बोल की बाबा लवकर! शेवटी समोर त्याच्या ओळखीची ॲलिस आणली तेव्हा गडी सैलावला, शब्द मिळाला, आणि मी खूश. कोडं सुटल्यावर होतो तसा अगदी खूश. राक्षसानं पाठलाग केला असता तर बरं झालं असतं.

पण पत्र त्यासाठी नाही. पुढच्या ओमिक्रॉन केंद्रापाशी अडकलोय. कोडं सुटत नाही म्हणून नव्हे. (कोड्यावरून आठवलं, 'लिंबो' गेममधल्या कोळ्याचा पाय सापळ्यात पकडायचा हे तुला सुचलं नव्हतं. तू बाहेर जाऊन उत्तर शोधून आलास आणि 'सुचलं' म्हणालास. आज नाही तर उद्या कबूल करशील.)

तर, खाली खाईत उतरायचंय, तिथं दाब प्रचंड, म्हणून दणकट पॉवर सूट, आणि सायमननं त्यात 'जायचं'. खुर्चीत बसलो. डोळे उघडले ते नव्या अंगात. आणि पलीकडून माझाच आवाज, सोबतच्या कॅथरीनला विचारतोय की काही झालंच नाही का. ती त्याला झोपवते. आता तो खुर्चीत मान टाकून बसलाय आणि मी त्याच्यासमोर उभा. त्याच्या अंगातली बॅटरी रिकामी करून त्याला संपवायचं, की तसाच सोडून खाली जायचं?

२०१५ साली टोरंटोत स्कॅनसाठी बसलेला माणूस २१०४ मध्ये जागा होतो, तिथंच खेळानं सगळं तोंडावर सांगितलं होतं की नक्कल पुढे जाते आणि मूळ जागच्या जागी राहतं. तरी त्या खुर्चीत बसताना मी गृहीत धरलं होतं की 'मी' म्हणजे जो पुढे जाईल तो. खेळातल्या मार्क सारंगचा तर्क मला पटत नाही. स्कॅन झाल्या झाल्या मूळ माणसानं मरावं म्हणजे तोच पुढे चालू राहतो, म्हणे. त्याच्यापायी माणसं जिवानिशी गेली. पण सोडून जाण्याला दया तरी कसं म्हणू? हा जागा होईल, कॅथरीन नाही, कुणी नाही, वर राख झालेली पृथ्वी. आणि त्याला वाटणार, आपल्याला टाकून गेले.

खोली सोडताना तू पहाटे मला न उठवता निघून गेलास, तेव्हा मी किती दिवस बोललो नव्हतो ते आठवतंय? तू म्हणालास, उठवलं असतं तर पाय निघाला नसता. मी म्हणालो, हा तुझ्या सोयीचा विचार झाला. आजही तेच म्हणतो. फक्त काल त्या झोपलेल्या सायमनकडे बघून पहिला विचार काय आला सांगू? जागा होण्याआधी इथून सटकावं.

तूच मागे म्हणाला होतास, इथं काय निवडलं याचा हिशेब खेळ ठेवत नाही. ना गुण, ना शिक्षा. म्हणूनच जास्त अवघड जातंय. 'हे केल्यास शेवट बदलेल' अशी भीती असती तर शेवटाकडे बघून ठरवलं असतं. इथं बघायलाच कुणी नाही. खेळ तसाच थांबवून ठेवलाय, कपडे वाळत घालतानाही तेच डोक्यात.

नव्या घराचं कळलं, अभिनंदन, कर्जाचं बघून कर. वहिनींना नमस्कार. चिमणीचं बोट बरं झालं का? दादांना फोन करणार आहे, त्यांना सांगू नकोस, नाहीतर वाट बघत बसतील.

शेवट सांगू नकोस. फक्त एवढं कळव की तू बॅटरी रिकामी केली होतीस का. हो किंवा नाही. तत्त्वज्ञान नको, ते मी इथं भरपूर करतोय. आणि इंटरनेटवर चार जणांची मतं वाचून 'मला वाटतं' म्हणून पाठवलंस तर मला कळेल.

तुझा,
नंदू