रिकामी जागा एक, बरोबर उत्तरे दोन

मा. संपादक,

शाळांच्या सराव प्रश्नपत्रिकांपासून भरती परीक्षांच्या तयारीच्या पुस्तकांपर्यंत एक प्रश्न हमखास भेटतो : ‘शी ___ इन पुणे फॉर टेन इयर्स.’ पर्याय लिव्ज, लिव्ड, हॅज लिव्ड, इज लिव्हिंग. उत्तरतालिकेत ‘हॅज लिव्ड’. मग ‘लिव्ड’ चूक कसे? गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले वास्तव्य 1914 मध्ये संपले. ते सांगताना ‘ही लिव्ड देअर फॉर ट्वेंटी-वन इयर्स’ असेच म्हणावे लागते, तिथे ‘हॅज लिव्ड’ चालतच नाही. ‘फॉर दिसला की हॅज’ हे पाठांतराचे सूत्र आहे, नियम नव्हे. ‘फॉर’ किती काळ एवढेच सांगतो. तो काळ संपला की अजून चालू आहे, हे प्रश्नातल्या वाक्यात कुठेच नाही. ज्याला दोन्ही वाक्ये बरोबर वाटतात त्याचे इंग्रजी पक्के असते, आणि गुण त्याचाच जातो.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. शेवटी ‘नाउ’ जोडा. ‘लिव्ड’ आपोआप बाद होतो.

खरे तर मराठी मुलांची अडचण वेगळीच आहे. आपण ‘दहा वर्षांपासून राहतो’ म्हणतो. तोच वर्तमानकाळ आणि तेच ‘पासून’ घेऊन मूल लिहिते, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’. यात चुका दोन : काळाची, आणि ‘सिन्स’ची. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो (सिन्स 2015), ‘फॉर’ला कालावधी. एका प्रश्नात एकच चूक तपासली, तर मूल नेमके कुठे अडले ते शिक्षकाला कळेल.

‘अनलेस वापरून वाक्य पुन्हा लिहा’ हाही असाच प्रकार. ‘इफ यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ सहज बदलते. पण ‘आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डझन्ट कम’ला ‘अनलेस’ चालतच नाही. कर्मणी प्रयोगात ‘शी गेव्ह हिम अ बुक’ची दोन रूपे होतात, ‘ही वॉज गिव्हन अ बुक’ आणि ‘अ बुक वॉज गिव्हन टू हिम’. पर्यायांत दोन्ही ठेवून एकच बरोबर धरणे हा सरळ अन्याय आहे.

प्रश्न काढणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती : छपाईआधी पर्याय झाकून तो प्रश्न दोन सहकाऱ्यांना सोडवायला द्या. त्यांनी भरलेला वेगळा पण बरोबर शब्द पर्यायांत असेल, तर वाक्याला संदर्भ जोडा किंवा तो पर्याय काढा. परीक्षेनंतर एक आकडेमोड करा. शंभर विद्यार्थ्यांतले एकूण गुणांनुसार वरचे 27 आणि खालचे 27 घ्या. एखाद्या प्रश्नाचे उत्तर वरच्यांपैकी 12 जणांचे आणि खालच्यांपैकी 15 जणांचे बरोबर आले, तर फरक उणे 3. त्याला 27 ने भागले की सुमारे उणे 0.11. आकडा उणे आला, म्हणजे वरच्यांपेक्षा खालच्यांचेच उत्तर जास्त बरोबर ठरले, की आधी उत्तरतालिका तपासा. दोन उत्तरे खरोखर बरोबर निघाली तर दोन्हींना गुण द्या. प्रश्न सरसकट रद्द केला, तर तो विचार करून सोडवणाऱ्याचा वेळही जातो आणि गुणही.

— इंग्रजीचे काही शिक्षक, सातारा