मेथी, आमचे हे आणि तुमची पुरवणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत 'मेथी एक, फायदे अनेक' या लेखाचा भाग दुसरा वाचला. पहिल्या भागातले 21 फायदे आमच्या घरात अजून पचायचे आहेत, तोवर तुम्ही आणखी 15 वाढलेत. सोबतचा फोटो याही खेपेला कोथिंबिरीचा आहे. मेथीला एका देठावर तीन-तीन पाने असतात, हे आमच्या मंडईत पेंड्या विकणारी मावशी डोळे मिटून सांगेल. तुमच्याकडे भाजी कोण निवडते, देव जाणे. असो, मी फोटोसाठी लिहायला बसलेले नाही.

तीन आठवड्यांपूर्वीच्या पहिल्या भागात एक चौकट होती. लाल. तीत म्हटले होते की रात्री दोन चमचे मेथ्या भिजत घालाव्यात, सकाळी अनशापोटी पाण्यासकट चावून खाव्यात, त्यानंतर तासभर तोंडात काही घालू नये, आणि याने मधुमेह पळतो, अपाय काही नाही. ही चौकट आमच्या फ्रिजवर लागली. कात्रीने नीट कापून, गॅसच्या नंबराशेजारी, लोहचुंबकाखाली.

ती कोणी लावली, हे महत्त्वाचे. आमच्या लग्नाला 41 वर्षे झाली. इतक्या वर्षांत मी मेथी लसणावर परतून केली, मूगडाळ घालून केली, पातळ केली, पराठ्यात लपवली. मेथांब्यातल्या मेथ्या हे एकेक करून ताटाच्या कडेला काढून ठेवायचे, गोट्या मोजाव्यात तशा. 'कडू लागते' हे एकच उत्तर. अकरा वर्षांपूर्वी ह्यांना साखर निघाली, तेव्हा भाकरीच्या पिठात मेथीची पूड घालून पाहिली, तर दोन दिवस भाकरीलाच हात लावला नाही. आणि तुमची चौकट आली त्या रात्री स्वतः उठून वाटी घेतली, मेथ्या भिजवल्या, वर झाकण ठेवले. बायकोने सांगितले तर कडू, पेपरात आले तर औषध.

चमचा कोणता, ते चौकटीत नव्हते. ह्यांनी पोहे खायचा घेतला, शिगोशीग भरून. मी नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. दोन चमचे कोरड्या मेथ्या 24 ग्रॅम भरल्या. चहाच्या चमच्याने सपाट मोजल्या तर दोन मिळून जेमतेम आठ होतात. संपादकसाहेब, औषधाच्या बाटलीवर कोणी नुसते 'दोन चमचे' लिहिते का?

ह्यांना सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आहे. इतकी वर्षे क्रम ठरलेला होता. गोळी, लगेच नाश्ता, मग प्रीतिसंगमावर फेरी. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, ते ती विचारत नाही. चौकटीने क्रम मोडला. सहाला मेथ्या, साडेसहाला गोळी सवयीने, आणि 'तासभर काही नाही' म्हणून नाश्ता परत आल्यावर. परत येईपर्यंत मेथ्या पोटात फुगलेल्या असत, म्हणून तोही अर्धाच. मी बोलले. फ्रिजकडे बोट दाखवले गेले.

नवव्या दिवशी सव्वाआठला ह्यांच्या फिरण्याच्या कंपूतल्या एकांचा फोन आला, "वहिनी, लवकर या. यांना दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय." डिसेंबरातली थंडी आणि घाम. माझ्याही मनात हृदयच आले. रिक्षात बसताना साखर मोजायचे यंत्र आणि साखरेचा डबा तेवढा उचलला, ती बुद्धी कोणी दिली माहीत नाही. हे यशवंतरावांच्या समाधीजवळच्या बाकावर बसलेले, चेहरा पांढराफटक, मला पाहून विचारतात, "आज शाळा नाही?" मला निवृत्त होऊन सात वर्षे झाली. यंत्राने आकडा दाखवला 52, म्हणजे साखर फारच उतरलेली. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी 81. मग ते माणसात आले आणि पहिले वाक्य काय बोलले, तर "मेथीनं साखर उतरते, बघ. खोटं नव्हतं लिहिलेलं."

यावर हसावे की रडावे ते मला अजून कळलेले नाही.

आमच्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की एकट्या मेथीला फाशी देऊ नका. गोळी घेऊन उपाशी चालायला गेले, हे मूळ. मेथीने त्यात भर घातली असणार. हे मला पटते. मी 31 वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, मेथीशी माझे वैर नाही. भिजवलेल्या मेथ्यांचे पाणी बुळबुळीत होते ना, तो गॅलॅक्टोमॅनन नावाचा तंतू. तो आतड्यात खळीसारखा पसरतो आणि जेवणातली साखर रक्तात हळूहळू जाऊ देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी 1990 मध्ये इन्सुलिनवरच्या रुग्णांना रोज 100 ग्रॅम मेथीपूड देऊन पाहिली आणि उपाशीपोटीची साखर खरोखर खाली आली. पण ती पूड तेल काढलेली होती, निम्मी दुपारच्या आणि निम्मी रात्रीच्या जेवणातून दिली होती, रुग्ण मूठभर आणि दिवस दहा. अनशापोटी आणि मग तासभर कडकडीत उपास, हे तुमच्या लेखकाने कुठून आणले? आणि पुढचा तो 'मधुमेह पळालाच'? कुठे पळतो तो? आमच्याकडे अकरा वर्षे मुक्कामाला आहे, अजून तरी सामान बांधलेले दिसत नाही.

'अपाय काही नाही' याबद्दल तर काय बोलावे. रक्त पातळ करायची वॉरफेरिन ज्यांना चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज मूठभर मेथ्या सुरू करू नयेत. ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांच्यातल्या काहींना मेथीही चालत नाही, कारण दोन्ही एकाच शेंगांच्या कुळातल्या. आणि कालच्या भागात तुम्ही गर्भवतींनाही रोज मेथीचे पाणी प्यायला सांगितले आहे! आमच्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण मेथीचे लाडू बाळ झाल्यावर वळायच्या, आधी नाही. पोट वाढलेल्या बाईने भाजी खाल्ली तर बिघडत नाही, पण औषध म्हणून चमच्याने मेथ्या खाऊ नयेत असेच डॉक्टरही सांगतात.

एक परिणाम मात्र तुमच्या छत्तीसच्या छत्तीस फायद्यांत नाही, तो फुकट देते. चौथ्या दिवसापासून ह्यांच्या बनियनला गुऱ्हाळाचा वास येऊ लागला. काकवी उकळते तसा. मेथीत सोटोलोन नावाचे द्रव्य असते, ते घामातून आणि लघवीतून बाहेर पडते. परदेशात बाळंतपणाच्या वेळी आईने मेथी घेतल्यामुळे नवजात बाळाला असा वास आला आणि डॉक्टरांना एका दुर्मीळ चयापचयाच्या आजाराची शंका आली, असेही घडलेले आहे. बाळ ठणठणीत होते. आमच्याकडे आजार वगैरे नव्हता, फक्त कपडे दोनदा धुवावे लागले.

आणि हो, लेखाच्या बरोब्बर खाली मेथीच्या कॅप्सूलची पाव पान जाहिरात होती. योगायोग असेल. त्या जाहिरातीत मात्र 'डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे' असे बारीक अक्षरांत छापले होते, भिंगातून वाचले मी. म्हणजे विकणाऱ्याला जेवढी भीती वाटते, तेवढी लिहिणाऱ्याला वाटत नाही. भिंगाचा विषय निघालाच आहे, तर शब्दकोड्याचे चौकोन महिनाभरापासून मुंगीएवढे का केलेत? त्यात कालचे 'उभे 14' चार अक्षरी आणि घरे पाच. मी संध्याकाळपर्यंत स्वतःलाच दोष देत होते.

आता मुद्द्याचे. प्रीतिसंगमावरच्या प्रकाराने ह्यांचा विश्वास तसूभर हललेला नाही. त्यांच्या मते चमचा चुकला, पेपर बरोबर होता. काल दुपारी भाग दुसरा कापायला कात्री शोधत होते. ती सध्या माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, तळाशी.

मी सांगून उपयोग नाही, डॉक्टरांनी सांगून अर्धाच झाला. छापून आले तरच होईल. म्हणून विनंती की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढीच मोठी आणि लालच चौकट टाकावी. मजकूर मी देते: 'साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी गोळीनंतर उपाशी राहू नये. औषध म्हणून मेथ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मेथी भाजीत, भाकरीत, जेवणाबरोबर खावी. कडू लागली तरी.'

शेवटचे तीन शब्द कृपया गाळू नयेत. फ्रिजवरची जुनी चौकट मी काढली आहे, लोहचुंबक तिथेच ठेवला आहे.

आपली,
एक वाचक, कराड

(नाव छापू नये. हेही तुमचाच पेपर वाचतात.)